नव्या करारातील स्त्रिया आणि वसईची ख्रिस्तसभा

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केल्यानंतर, आजची होळी, पापडी व रमेदी ही ठिकाणे ज्यात मोडतात त्या परिसरात ख्रिस्ती धर्म रुजला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यावरही तो टिकून राहिला. मात्र मिस्साविधीची भाषा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) लॅटिनच होती. त्यानंतर उपासनेत मराठी आली आणि नवा करार, म्हणजे येशूची शुभवर्तमाने, पहिल्या ख्रिस्तसभांचा वृत्तान्त व त्यांना लिहिलेली पत्रे यांचा संग्रह, मिस्सामध्ये स्वभाषेत ऐकू येऊ लागला. या ग्रंथाने जपलेली स्त्रियांच्या कार्याची नोंद नंतरच्या प्रथांपेक्षा कितीतरी उदार आहे.

संत पौलाने सुमारे इ.स. ५७ मध्ये रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगा आहे. त्याच्या आरंभी करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील फिबीची शिफारस असून तिला तेथील ख्रिस्तसभेची डीकन, म्हणजे सेवापद सांभाळणारी, आणि अनेकांची आश्रयदाती म्हटले आहे. हे पत्र रोमला तिनेच पोहोचवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तंबू शिवणाऱ्या अक्विला व प्रिस्का या दांपत्याचा नव्या करारात सहा वेळा उल्लेख येतो आणि त्यांपैकी चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. युनिया हिची गणना तर नामवंत प्रेषितांमध्ये, म्हणजे सुवार्ताप्रसारासाठी पाठवलेल्या अग्रणींमध्ये, केली आहे.

या स्थानाचे एक कारण असे की, त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. भाविक कोणाच्या तरी घरी जमत आणि घराचा कारभार जिच्या हाती, तिच्याकडे सभेचाही भार येई. फिलिप्पै येथील लुदिया ही जांभळ्या वस्त्रांची व्यापारी होती आणि तिच्या घरी तेथील ख्रिस्तसभा जमू लागली. वाडीतील भाजी-फुले मुंबईच्या बाजारात विकून संसार उभा करणाऱ्या वसईच्या ख्रिस्ती स्त्रियांना ही कमावती, कर्ती बाई परकी वाटण्याचे कारण नाही.

पुढे स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असे सांगणाऱ्या, पौलाच्या पत्रांतील वचनांवरच भर पडत गेला, जरी त्याच पौलाने स्त्रियांच्या जाहीर प्रार्थनेचा व संदेशकथनाचा उल्लेख केलेला आहे. उपासना घरातून सार्वजनिक वास्तूंत गेली, पदे पुरुषांकडे एकवटली आणि मध्ययुगात युनियालाही पुरुष ठरवण्यात आले.

मराठीत बायबल आणण्यात स्त्रीचा वाटा मोठा आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मधील त्यांच्या निधनानंतर ते १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल – नवा करार’ या ग्रंथाला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. चर्चच्या व्यवहारातही बदल झाला: पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये येशूच्या पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार मग्दालिया मरिया हिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये वाचक व वेदीसेवक ही पदे रीतसर स्त्रियांसाठी खुली केली. वेदीजवळ उभी राहून शास्त्रपाठ वाचणारी स्त्री ही आधुनिक काळाने दिलेली सवलत नव्हे. फिबी आणि प्रिस्का यांनी पहिल्याच शतकात कष्टाने मिळवलेल्या स्थानाचा तो न्याय्य वारसा आहे.