मुक्त कार्यालयीन आज्ञावली आणि लिनक्सचा डेस्कटॉप : एकात्मीकरणाच्या अडचणींचा इतिहास (१९९६ ते २०१९)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. नवे यंत्र, नवी भाषा, नवी कंपनी यांची नोंद होते. परंतु स्वतंत्रपणे घडलेल्या दोन वस्तू एकत्र नांदू लागल्या तेव्हा कोणत्या अडचणी आल्या आणि त्या कशा सोडविल्या गेल्या, याची नोंद क्वचितच होते. लिनक्सवर ओपनऑफिस.ऑर्ग वापरणाऱ्या व्यक्तीला २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असे अनुभव नित्य येत. इतर सर्व आज्ञावलींचे मेनू एका वळणाचे, तर या संचाचे निराळे. फाइल उघडण्याची चौकट परकी. डेस्कटॉपवर नोंदविलेला प्रिंटर येथे पुन्हा नोंदवावा लागे. सर्व्हरवरील फाइल एका खिडकीत दिसे, पण दुसऱ्या खिडकीतून उघडत नसे. हे दोष किरकोळ वाटत असले, तरी त्यांच्यामुळेच अनेक कार्यालयांनी मुक्त आज्ञावलीविषयी प्रतिकूल मत बनविले.

हे दोष निव्वळ तांत्रिक चुका नव्हत्या. आज्ञावलीच्या जन्मकथा, परवान्यांचे वाद आणि संस्थांचे निर्णय यांचे ठसे त्यांवर स्पष्ट दिसतात. प्रस्तुत लेखात या ठशांचा कालक्रमाने मागोवा घेतला आहे.

दोन स्वतंत्र परंपरा

ओपनऑफिस.ऑर्गचे मूळ जर्मनीत आहे. मार्को ब्योरीज यांनी १९८५ मध्ये ल्युनेबुर्ग येथे स्टार डिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. प्रारंभी केवळ लेखनासाठी असलेल्या स्टाररायटरचा पुढे स्टारऑफिस हा संपूर्ण संच झाला. तो विंडोज, ओएस/२, मॅकिंटॉश आणि युनिक्स अशा भिन्न प्रणालींवर चालावा, हे कंपनीचे धोरण होते. प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र लेखन करणे परवडणारे नसल्याने कंपनीने बटणे, मेनू आणि चौकटी रेखाटणारा स्वतःचा साधनसंच निर्माण केला. या परंपरेतून आलेला व्हीसीएल नावाचा थर पुढे ओपनऑफिस.ऑर्गच्या आणि लिबरऑफिसच्या पायाशी राहिला.

या धोरणाचे टोक स्टारऑफिसच्या पाचव्या आवृत्तीत दिसते. तिच्यात संचाचा स्वतःचा डेस्कटॉप होता. लेखन, तक्ते, टपाल सर्व काही एकाच मोठ्या खिडकीत चाले आणि त्या खिडकीला स्वतःचे प्रारंभ-बटणही होते. यजमान प्रणालीशी जुळवून घेण्यापेक्षा तिला झाकून टाकणे, अशी ही वृत्ती होती. विंडोज ३.१ च्या किंवा जुन्या युनिक्सच्या काळात ती समंजस होती, कारण जुळवून घ्यावे असे तेथे फारसे काही नव्हते.

लिनक्सवरील परिस्थिती मात्र याच सुमारास पालटली. माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केडीई प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्सवरील प्रत्येक आज्ञावली वेगळी दिसते आणि वेगळी वागते, त्यामुळे सामान्य वापरकर्ता गोंधळतो, ही त्याची मूळ तक्रार होती. एकरूपता हेच केडीईचे जन्मकारण होय. एका परंपरेचा पाया स्वयंपूर्णता हा होता, तर दुसरीचा एकरूपता. पुढील संघर्षाचे बीज येथेच आहे.

परवान्याचा वाद आणि दुभंगलेला डेस्कटॉप

केडीईने ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीचा क्यूटी हा साधनसंच निवडला. तो तांत्रिकदृष्ट्या सरस होता, परंतु त्याचा तत्कालीन परवाना मुक्त आज्ञावलीच्या व्याख्येत बसत नव्हता. या आक्षेपातून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल द इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम प्रकल्प सुरू केला व त्यासाठी जीटीके हा साधनसंच घेतला. ट्रोलटेकने सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली उपलब्ध केला, तेव्हा वादाचे मूळ कारण संपले. पण तोवर दोन डेस्कटॉप, दोन साधनसंच आणि दोन समुदाय दृढ झाले होते. कारण नाहीसे झाले तरी परिणाम टिकून राहतो, या इतिहासातील परिचित सूत्राचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

सन मायक्रोसिस्टिम्सने ऑगस्ट १९९९ मध्ये स्टार डिव्हिजन विकत घेतली आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी स्टारऑफिसचा स्रोत ओपनऑफिस.ऑर्ग या नावाने खुला केला. त्याच वर्षी सनने आपल्या सोलारिस प्रणालीसाठी ग्नोमची निवड जाहीर केली होती. त्यामुळे कंपनीचा ओढा ग्नोमकडे राहणे स्वाभाविक होते. शिवाय याच स्रोतातून सन स्टारऑफिस हे विक्रीचे उत्पादनही तयार करी. जीपीएल परवान्याचा क्यूटी अशा बंदिस्त उत्पादनात व्यापारी परवाना घेतल्याखेरीज वापरता येत नव्हता. जीटीकेच्या एलजीपीएल परवान्यात ही अडचण नव्हती. केडीईच्या वापरकर्त्यांना दिसणाऱ्या परकेपणामागे कायद्याचा हा पदरही होता.

जुळवणीचे पहिले प्रयत्न

ओपनऑफिस.ऑर्ग १.० मे २००२ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. स्वतःचा डेस्कटॉप तिने सोडला होता, पण स्वतःचा संसार सोडला नव्हता. छपाईसाठी एसपीअ‍ॅडमिन नावाचे वेगळे साधन होते. दूरस्थ फाइलींसाठी तिची स्वतःची यंत्रणा होती, तर केडीईकडे केआयओ आणि ग्नोमकडे ग्नोम-व्हीएफएस. तिन्ही यंत्रणा आपापल्या जागी उत्तम होत्या. मात्र त्यांना एकमेकींचे पत्ते समजत नसत. केडीई अशा वेळी दूरची फाइल तात्पुरत्या जागी उतरवून तिची प्रत ओपनऑफिसला देई. वापरकर्ता मूळ फाइलवर काम करीत आहे असे समजे आणि प्रत्यक्षात बदल प्रतीत साठत. प्रत परत चढविण्याविषयीचा प्रश्न केडीई शेवटी विचारी. घाईत चुकीचे उत्तर दिले, की दिवसाचे काम वाया जाण्याचा धोका असे.

दर्शनी रूपाचा प्रश्न तुलनेने सोपा होता. व्हीसीएलने बटणाची आकृती स्वतः न काढता ती जीटीकेकडून किंवा क्यूटीकडून काढून घ्यावी, अशी रचना २००३ च्या सुमारास रेड हॅट आणि सुसे या कंपन्यांतील अभियंत्यांच्या कामातून आकाराला आली. फाइल निवडण्याची चौकट मात्र निव्वळ चित्र नव्हते. कळफलक आणि माउस यांच्या घटना स्वीकारणारे एक चक्र प्रत्येक साधनसंचात सतत फिरत असते. एकाच कार्यक्रमात अशी दोन चक्रे फिरू लागली, की कोणती घटना कोणी घ्यावी याचा निवाडा होत नाही आणि कार्यक्रम गोठतो. यावर काढलेला तोडगा मोठा बोलका आहे. केडीईची चौकट एका वेगळ्या, लहान कार्यक्रमात ठेवण्यात आली आणि ओपनऑफिस तिच्याशी साध्या मजकुराच्या संदेशांतून बोलू लागली. दोन कुटुंबांना एका घरात राहणे जमेना, तेव्हा भिंत ठेवून निरोपाची खिडकी करावी, तसाच हा प्रकार होता.

ऑक्टोबर २००५ मधील २.० आवृत्तीत या साऱ्याला नियमित रूप आले. व्हीसीएलचा डेस्कटॉपशी संबंध येणारा भाग सुट्या जोडण्यांत विभागला गेला : एक जीटीकेसाठी, एक केडीईसाठी आणि एक सर्वसामान्य. आज्ञावली सुरू होताना चालू सत्राच्या खुणा तपासून योग्य जोडणी निवडी. डेबियनसारख्या वितरणांत या जोडण्या स्वतंत्र पॅकेजमध्ये असत. ते पॅकेज बसविलेले नसेल, तर संच मुकाट्याने सर्वसामान्य जोडणीवर उतरे आणि पुन्हा जुना, विजोड दिसू लागे. अशा प्रसंगी संपूर्ण संच पुन्हा बसविण्याची गरज नसे. फक्त हरवलेले पॅकेज बसवावे लागे. त्याचप्रमाणे एका पर्यावरण-चलाद्वारे जोडणी हेतुतः बदलून पाहता येई. सर्वसामान्य जोडणीवर दोष नाहीसा झाला, तर तो जोडणीत आहे; कायम राहिला, तर तो संचात किंवा वापरकर्त्याच्या वैयक्तिक मांडणीत आहे, असा निष्कर्ष काढता येई. दोषाचे स्थान आधी आणि उपाय नंतर, हा शास्त्रीय क्रम येथे सामान्य वापरकर्त्याच्याही आवाक्यात आला.

देवनागरीचा प्रश्न

मराठी वापरकर्त्यासाठी एकात्मीकरणाला आणखी एक परिमाण होते. देवनागरीत अक्षरांचा क्रम आणि त्यांचे रूप एकास एक नसते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण लेखनात त्याआधी येते. जोडाक्षरे रूप पालटतात. हे काम करणारी मांडणी-यंत्रणा ग्नोममध्ये पँगो ही होती, क्यूटीची स्वतःची होती आणि ओपनऑफिस आपल्या दस्तऐवजांसाठी आयसीयू या ग्रंथालयातील यंत्रणा वापरी. परिणामी एकाच पडद्यावर, एकाच फाँटमधील तोच शब्द दोन ठिकाणी दोन रूपांत दिसण्याची शक्यता निर्माण झाली.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हता. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. या दोन शब्दांतील भेद ‘र’च्या अर्ध्या रूपावर अवलंबून आहे. हा भेद एखाद्या यंत्रणेने राखला नाही, तर शब्दाचा अर्थच बदलतो. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित ही भारतीय लिप्यांची फाँटमालिका जीपीएल परवान्याखाली खुली केली, त्यामुळे फाँटची उणीव बरीच भरून निघाली. परंतु फाँट कितीही निर्दोष असला, तरी त्यातील नियम वाचणारी यंत्रणा एक नसेल तर परिणाम एक असत नाही.

या प्रश्नाची उकल कोणा एका पक्षाच्या माघारीने झाली नाही. हार्फबझ ही सामायिक मांडणी-यंत्रणा विकसित झाली. पँगोने ती २०१२ मध्ये स्वीकारली, क्यूटीनेही पाचव्या पिढीत ती घेतली, लिबरऑफिसने २०१३ मधील ४.१ आवृत्तीत लिनक्सवर आणि २०१७ मधील ५.३ आवृत्तीत सर्व प्रणालींवर ती वापरात आणली. वरच्या मजल्यावरील भांडण खालच्या मजल्यावर समान पाया घालून मिटले.

पुन्हा तेच, पुन्हा नवे

सामायिक पायाची ही कल्पना नवी नव्हती. हॅव्हॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग या मंचाने मेनूतील नोंदी, चिन्हे, फाइलींचे प्रकार यांविषयी समान संकेत ठरविले. एखाद्या दस्तऐवजावर दोनदा टिचकी मारताच योग्य आज्ञावली उघडणे, ही आज सहज वाटणारी गोष्ट या संकेतांमुळे दोन्ही डेस्कटॉपवर शक्य झाली.

तथापि जोडण्यांचा प्रश्न एकदा सुटून कायमचा सुटला नाही. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आली. ती क्यूटीच्या नव्या पिढीवर आधारित असल्याने जुनी जोडणी निरुपयोगी झाली. दरम्यान ओरॅकलने २०१० मध्ये सन ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा होऊन लिबरऑफिसचा जन्म झाला. मायकेल मीक्स आदींनी मुख्य प्रकल्पाबाहेर जोपासलेले अनेक बदल या शाखेत मुख्य प्रवाहात आले. केडीईची प्लाझ्मा ५ ही पिढी जुलै २०१४ मध्ये आली, पण तिच्यासाठी पूर्ण जोडणी फेब्रुवारी २०१९ मधील लिबरऑफिस ६.२ मध्ये मिळाली. मधल्या काळात, २०१८ मध्ये, जीटीकेच्या जोडणीला केडीईची फाइल-चौकट जोडण्याचा संमिश्र उपाय आला आणि ती चौकटही वेगळ्या कार्यक्रमातच ठेवावी लागली. दशकापूर्वीची निरोपाची खिडकी पुन्हा उघडावी लागली, ही बाब लक्षणीय आहे.

संस्थात्मक बाजू म्युनिक शहराच्या अनुभवातून उलगडते. तेथील नगरपरिषदेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१३ च्या अखेरीस १४,८०० हून अधिक संगणकांवर तो अमलात आला. तेथे केडीई डेस्कटॉप होता आणि त्यावर आधी ओपनऑफिस, नंतर लिबरऑफिस चाले. पत्रांचे नमुने आणि मसुदे यांसाठी नगरपालिकेने वोलमुक्स हे पूरक साधन स्वतः घडविले व २००८ मध्ये ते खुले केले. पुढे २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला, त्यास राजकीय आणि प्रशासकीय कारणेही होती. तरी एक गोष्ट स्पष्ट होते : परवान्याचे शुल्क वाचले म्हणजे जुळवणीचा खर्च वाचत नाही. तो कोणीतरी, कोठेतरी सोसतच असतो.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, एकात्मीकरणाचे दोष सीमेवर वसतात, म्हणून त्यांना सहसा मालक नसतो. संचाचे कर्ते डेस्कटॉपकडे आणि डेस्कटॉपचे कर्ते संचाकडे बोट दाखवू शकतात. सीमेवर काम करणारे मोजके अभियंते दूर झाले, की दोष परततात. दुसरी, तांत्रिक वाटणाऱ्या अडचणीमागे परवाना, व्यापार आणि संस्थांचे हितसंबंध असतात. त्यांचे आकलन नसेल तर उपायही अपुरा राहतो. तिसरी, टिकाऊ एकरूपता सक्तीने नव्हे, तर सामायिक पायाने येते.

महाविद्यालयीन संगणककक्षासाठी यातून एक विवेक सुचतो. पडद्यावरील विजोडपणा आणि दस्तऐवजाचे स्वातंत्र्य यांची गल्लत होता कामा नये. ओपनडॉक्युमेंट या स्वरूपास मे २००५ मध्ये ओएसिसची आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. त्या स्वरूपात जपलेला मजकूर या अवधीत संच, मालक आणि डेस्कटॉप बदलूनही वाचनीय राहिला. बटणाचे रूप एखाद्या पॅकेजने सुधारते. बंदिस्त स्वरूपात अडकलेली वीस वर्षांची कागदपत्रे मात्र तितक्या सहजी सुटत नाहीत. कोणत्या अडचणीसाठी थांबावे आणि कोणती सोसून पुढे जावे, हे ठरविताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.