दंडावरून दंडावर

जखमेतून पाझरणाऱ्या चिकट पाण्याला मराठीत लस म्हणतात, आणि रोग टाळण्यासाठी टोचतात तिलाही लसच म्हणतात. देवीच्या बाबतीत एके काळी हे दोन अर्थ वेगळे नव्हतेच. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी काढल्या. गोस्तन देवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीच्या लसीची हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी टोचणी. तिच्या दंडावरच्या फोडातली लस आणखी पाच मुलांना टोचली गेली आणि पुढे पुणे, सुरत, मद्रासकडे गेली. या कथेचे श्रेय ही लस शोधणाऱ्या इंग्रज डॉक्टर जेन्नरला मिळते, ते रास्तच आहे. पण लस लोकांपर्यंत कशी पोचणार, हे ठरवले शरीराच्या स्मरणशक्तीने. नवा जंतू शिरला की त्याला नेमके ओळखणाऱ्या पेशी सुरुवातीला मोजक्याच असतात. त्या वाढून प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस जातात. लढाई संपल्यावर त्यांतल्या काही पेशी वर्षानुवर्षे टिकतात आणि तोच शत्रू परतला तर त्याला उसंत देत नाहीत. गोस्तन देवीचा विषाणू देवीच्या विषाणूशी इतका मिळताजुळता की एकीची आठवण दुसरीला पुरते. पण याच आठवणीमुळे एकदा टोचलेल्या मुलाच्या दंडावर पुन्हा तसा भरलेला फोड येत नाही. म्हणजे एक मूल ही साखळीतली एकच कडी. साधारण आठव्या दिवशी फोड भरे, आणि तेव्हा देवी न आलेले, न टोचलेले दुसरे मूल हाताशी नसेल तर सारे मुसळ केरात. १८०३ मध्ये लस घेऊन स्पेनहून अमेरिकेकडे निघालेल्या डॉक्टर बाल्मिसने बावीस अनाथ मुले जहाजावर घेतली, ती याच हिशेबाने.

कोणी म्हणेल, खरी अडचण उन्हाची होती, कारण दोऱ्यावर वाळवून पाठवलेली लस वाटेतच निकामी होई. हे खरे, पण त्यावरून शरीराची कुपी का लागली एवढेच कळते, दर आठवड्याला नवी कुपी का लागावी हे कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बंगालचे टीकादार जेन्नरच्या आधीपासून देवी टोचत होते, तर नवे काय घडले? अंगावर देवीचे वण असलेल्याला देवी पुन्हा येत नाहीत, हे गावोगाव ठाऊक होते, आणि त्यांची टोचणी त्याच अनुभवावर उभी होती. मात्र टीकादार खऱ्या देवीचाच पू वापरत. त्यातून काही जण दगावत, इतरांना लागणही होई. शिवाय रोगच वारंवार येई, म्हणून टोचायच्या द्रव्याची वाण पडत नसे. गोस्तन देवीचे तसे नव्हते. तिची साखळी तुटली की पुन्हा दुरून मागवणे आले.

जेन्नरला वाटले होते तशी शरीराची ही आठवण जन्मभर पुरत नाही, ती ओसरते; म्हणून पुढे दुसऱ्यांदा टोचावे लागले. दंडावरून दंडावर लस नेताना उपदंशासारखे रोगही जात. म्हणून टोचणीला घाबरणाऱ्या आईबापांच्या धास्तीला निव्वळ अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे सोपे, पण चुकीचे. इंग्लंडात दंडावरून दंडावर लस नेण्याची पद्धत १८९८ मध्ये बंद झाली आणि तिची जागा वासरांच्या कातडीवर वाढवलेल्या लसीने घेतली. मात्र वासरूही एकदाच उपयोगी पडे.