पुठ्ठ्याची गुहा : मेगो कंपनीचा ‘बॅटकेव्ह’ खेळसंच आणि त्याचे साधनमूल्य

खेळणे हे इतिहासाचे साधन ठरू शकते काय, हा प्रश्न पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना नवा नाही. हडप्पाकालीन मातीच्या खेळगाड्यांवरून तत्कालीन वाहतुकीविषयी अनुमाने केली गेली आहेत. विसाव्या शतकातील कारखान्यात तयार झालेल्या खेळण्यांकडे मात्र तितक्या गांभीर्याने पाहिले जात नाही. ती संग्राहकांच्या हौसेवर सोडून दिली जातात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मेगो कंपनीच्या १९७४ सालच्या ‘बॅटकेव्ह’ या खेळसंचाचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. जो’ हा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळतात ही कल्पना पालकांना रुचणार नाही, म्हणून त्यास ‘ॲक्शन फिगर’ असे नाव देण्यात आले. १९५४ साली न्यूयॉर्क येथे अब्राम्स दांपत्याने स्थापन केलेली मेगो ही त्या वेळी स्वस्त खेळण्यांचा व्यापार करणारी कंपनी होती. त्यांचे पुत्र मार्टिन अब्राम्स यांच्या काळात, १९७२ पासून, तिने महानायकांची आठ इंची मालिका सुरू केली. या मालिकेतील बहुतेक पुरुष नायकांचे शरीर एकाच साच्यातले असे. डोके व शिवलेला पोशाख बदलला की सुपरमॅनचा स्पायडरमॅन होई. डीसी आणि मार्व्हल हे प्रकाशनक्षेत्रातील हाडाचे प्रतिस्पर्धी. परंतु मेगोने दोघांचेही परवाने मिळविल्याने त्यांचे नायक एकाच मालिकेत आले.

बॅटमॅन १९३९ साली चित्रकथेत अवतरला तेव्हा त्याला गुहा नव्हती. ती १९४३ च्या चित्रपटमालिकेतून आली आणि नंतर चित्रकथेत रुजली. १९६६ ते १९६८ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेने तिच्यात घसरत उतरण्याचे खांब आणि संगणक यांची भर घातली. मेगोने ही गुहा जाड पुठ्ठ्यावर व्हिनाइलचे छापील आवरण चढवून उभी केली. खडकांना उंची-खोली नाही, ते केवळ चित्र आहेत. ही काटकसर खरी. परंतु घडी घालता येणारा, हलका आणि वाहतुकीस सोपा संच तीमुळेच शक्य झाला. त्याचा दोषही तेथेच आहे. व्हिनाइलच्या शिवणी घड्यांपाशी फाटतात आणि आतला पुठ्ठा ओल धरतो.

म्हणूनच न फाटलेला संच दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. येथे संग्राहक व इतिहासकार यांच्या वाटा वेगळ्या होतात. खोक्यातून कधीच न निघालेला संच कारखान्याविषयी पुष्कळ सांगतो, बालपणाविषयी जवळजवळ काहीच नाही. उलट मुलाने चिकटपट्टीने जोडलेली भिंत ही वापराची नोंद असते. दुरुस्तीच्या नावाखाली ती पट्टी काढून टाकणे म्हणजे कागदपत्रातील समासाच्या टिपा खोडण्यासारखे आहे. हरवलेल्या सुट्या भागांच्या जागी नव्याने केलेल्या प्रतिकृती बसविण्याची प्रथाही रूढ आहे. त्यांची नोंद न ठेवल्यास साधनच भ्रष्ट होते.

कालनिश्चितीतही सावधगिरी हवी. आकृत्यांच्या पाठीवर कंपनीचे नाव, वर्ष आणि हाँगकाँग असा ठसा आढळतो. ते वर्ष आराखड्याच्या हक्काचे असते, ती विशिष्ट वस्तू घडल्याचे नव्हे. तोच ठसा पुढेही अनेक वर्षे वापरात राहिला. ‘हाँगकाँग’ हा शब्द मात्र अधिक बोलका आहे. गॉथम शहराचा हा रक्षक तेथील कामगारांच्या हातून घडला आणि त्याचे अंगरखे तेथेच शिवले गेले, हे खोक्यावरील रंगीत चित्रे सांगत नाहीत.

१९७६ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा परवाना घेण्याची संधी मेगोने नाकारली. तो केनर कंपनीकडे गेला आणि १९७८ पासून पावणेचार इंची आकृत्या विकल्या जाऊ लागल्या. आकृती लहान झाल्याने तिच्या मापाचे विमान वा इमारत परवडणाऱ्या किमतीत करणे सोपे झाले. कापडी पोशाखाची गरज उरली नाही. आठ इंची बॅटमॅनसाठी पुठ्ठ्याची गुहा हीच मर्यादा होती. मेगोने १९८२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. २०१८ मध्ये मार्टिन अब्राम्स यांनीच त्या नावाचे पुनरुज्जीवन केले आणि कापडी पोशाखातील आठ इंची आकृत्या पुन्हा दुकानांत आल्या. त्यामुळे केवळ ‘मेगो, आठ इंची’ एवढी नोंद आता कोणत्याही संग्रहालयाच्या सूचीत पुरेशी ठरत नाही.