आत्महत्या-प्रतिबंध : स्वमग्न व अध्ययन-अक्षम तरुणांमधील

स्वमग्नता, एडीएचडी या नावाने ओळखली जाणारी अतिचंचलता आणि वाचन, लेखन किंवा गणितातील अध्ययन-अक्षमता असलेल्या किशोरवयीन व तरुण व्यक्तींना आत्महत्येच्या विचारापासून आणि प्रयत्नापासून वाचवण्यासाठी घर, शाळा व वैद्यकीय सेवा यांनी करावयाची उपाययोजना. या मुलांच्या मेंदूची घडण वेगळी असते. मात्र ती घडण म्हणजे मरणाची ओढ नव्हे. वेगळेपणाशी जुळवून न घेणारे भोवताल आणि वेळेवर न ओळखलेला त्रास यांतून धोका वाढतो, म्हणून प्रतिबंधाचा बराचसा भाग दवाखान्याबाहेर घडतो.

या प्रश्नाकडे संशोधकांचे लक्ष उशिराच गेले. सारा कॅसिडी, सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका निदान-केंद्राची माहिती प्रसिद्ध केली. ॲस्पर्गर या स्वमग्नतेच्या प्रकाराचे निदान झालेल्या ३७४ प्रौढांपैकी ६६ टक्के लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. ३५ टक्क्यांनी तशी योजना आखली होती किंवा प्रयत्न केला होता. या सर्वांचे निदान प्रौढपणी झाले होते, म्हणजे शाळेची वर्षे त्यांनी स्वतःच्या वेगळेपणाला नाव न मिळताच काढली होती. स्वीडनमधील शासकीय नोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासात स्वमग्न व्यक्तींमधील आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे साडेसातपट आढळला, तर डेन्मार्कच्या २०२१ च्या अभ्यासात तिपटीहून अधिक. आकडे वेगळे, पण दिशा एकच. स्वीडनच्या अभ्यासातील एक तपशील विशेष बोलका आहे : बौद्धिक अक्षमता नसलेल्या, म्हणजे वरवर ‘चांगल्या चाललेल्या’ स्वमग्न व्यक्तींमध्ये हा धोका जास्त होता. हुशार आहे म्हणून मदतीची गरज नाही, हा समज त्यामुळे घातक ठरतो.

चारचौघांत खपून जावे म्हणून स्वमग्न मुले नजर मिळवायला, हसायला, गप्पांत भर घालायला पाठांतर करावे तशी शिकतात. हे सोंग दिवसभर वठवण्याचा थकवा प्रचंड असतो. सोंग वठवणे आणि गरजेपुरती मदत न मिळणे या दोन्हींचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध असल्याचे कॅसिडी यांच्याच २०१८ च्या अभ्यासात दिसले. वर्गातली चिडवाचिडवी आणि एकटेपणा यांची त्यात भर पडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांच्या सिद्धांतानुसार ‘मी कुणाचाच नाही’ आणि ‘मी सर्वांना भार आहे’ या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते. यांपैकी पहिली भावना या मुलांना अनेकदा शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांतच भेटते. अमेरिकेतील पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांवरील २००६ च्या अभ्यासात वाचनात मागे असलेल्या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार व प्रयत्न आणि शाळागळती, दोन्ही अधिक आढळले. अतिचंचल मुलांत धोक्याचे कारण थोडे निराळे : विचार आणि कृती यांमधले अंतर तेथे फार कमी असते.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची संख्या सर्वाधिक होती. यांतील कितीजण स्वमग्न किंवा अध्ययन-अक्षम होते, याचा रकाना त्या तक्त्यांत नाही. ‘परीक्षेतील अपयश’ हे कारण मात्र आहे, आणि अपयशाआधी त्या मुलाला किती वर्षे ‘आळशी’, ‘लक्षच नाही’, ‘मुद्दाम करतो’ ऐकावे लागले ते कारणांच्या यादीत येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता या दोन्हींचा समावेश आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातील अक्षमता, ओळखण्याची चाचणी मराठीतही आहे. राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्यांना वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तरी पुष्कळ पालक ‘शिक्का बसेल’ म्हणून प्रमाणपत्रच काढत नाहीत. शिक्का कागदामुळे बसत नाही, तो वर्गात आधीच बसलेला असतो. कागदाने निदान वेळ तरी वाढवून मिळतो.

धोका ओळखण्यात नेहमीची साधने अपुरी पडतात. अनेक स्वमग्न व्यक्तींना स्वतःच्या भावना ओळखून शब्दांत सांगणे अवघड जाते. चेहरा कोरा, आवाज सपाट, तरी आत काहूर असू शकते. शब्दांचा अर्थ शब्दशः घेणाऱ्या मुलाला ‘मन कसं आहे?’ विचारले, तर तो ‘ठीक’ म्हणून मोकळा होतो. म्हणून प्रश्न थेट हवा : ‘मरून जावं असं वाटतं का? आज वाटलं का?’ असे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनातून स्पष्ट झाले आहे. उत्तर लिहून, चित्र काढून किंवा मेसेजवर देण्याची मुभा असावी आणि उत्तरासाठी भरपूर वेळ द्यावा. झोप उडणे, आवडीच्या विषयातून अचानक अंग काढून घेणे, स्वतःला इजा करणे, एरवीचे ठरलेले वेळापत्रक मोडणे हे बदल बोलण्यापेक्षा जास्त सांगतात.

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली सुरक्षा-योजना ही पद्धत आज जगभर वापरली जाते : धोक्याच्या खुणा, मन दुसरीकडे वळवण्याचे मार्ग, जवळची माणसे आणि व्यावसायिक मदत यांची यादी त्या व्यक्तीबरोबर बसून करायची. ब्रिटनमध्ये स्वमग्न व्यक्तींच्या सहभागाने तिचे जुळवून घेतलेले रूप तयार झाले आहे. त्यात गोंगाट, प्रखर उजेड अशा ज्ञानेंद्रियांच्या त्रासाचाही विचार होतो. इंग्लंडच्या २०२३ च्या आत्महत्या-प्रतिबंध धोरणात स्वमग्न व्यक्तींना अग्रक्रमाच्या गटात घेतले आहे. घरात औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवणे हा प्रतिबंधाचा सर्वांत साधा उपाय, आणि संकटाची लाट ओसरेपर्यंत वेळ मिळवून देणारा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा केली जात नाही. त्यामुळे गुन्ह्याच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण उरत नाही. ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनाशुल्क उपलब्ध आहे. फोनवर अनोळखी माणसाशी बोलणे ज्याला जड जाते, त्याच्या शेजारी बसून नंबर आपण लावावा. जीव तातडीने धोक्यात असेल तर ११२ वर फोन करावा आणि त्याला एकटे सोडू नये.