सातबाराची होते तारीख! कार्यालयीन आकडेवारीसाठी एक्सेल पुरे की पायथन हवे?

जालना : जमिनीच्या नोंदींची यादी करताना एक्सेलच्या रकान्यात ७/१२ असे टाइप करून एंटरची कळ दाबली, की पडद्यावर ७ डिसेंबर ही तारीख उमटते. संगणकाच्या मांडणीत महिना आधी असेल, तर तीच नोंद १२ जुलै होते. गट क्रमांक १२/३ असेल तर त्याचीही तारीख होते. ४५/२ मात्र जसाच्या तसा राहतो. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा आणि काही गट क्रमांक अशी खिचडी तयार होते. यात काही चुकले आहे, अशी सूचना एक्सेल देत नाही.

बँक खात्यांच्या बाबतीत प्रकरण अधिक गंभीर होते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच अचूक राखते. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. तो क्रमांक संख्या म्हणून भरला, तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. क्रमांकाच्या आरंभी शून्य असेल तर ते गळून पडते. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीत असे घडले, तर त्या शेतकऱ्याची रक्कम त्याच्या खात्यावर पोहोचत नाही आणि हेलपाटे त्यालाच घालावे लागतात. आकडे भरण्यापूर्वी रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा करून ठेवणे, हा यावरचा साधा उपाय आहे. मात्र एकदा पुसला गेलेला अंक नंतर प्रकार बदलून परत मिळत नाही.

एवढे असूनही एक्सेलची लोकप्रियता ओसरलेली नाही, आणि त्याला कारणे आहेत. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे 'व्हिसिकॅल्क' १९७९ मध्ये बाजारात आले, त्यानंतर 'लोटस १-२-३' आले आणि १९८५ मध्ये एक्सेल. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे ते गावोगावी पोहोचले. मोसंबीच्या आडतीचा हिशेब असो, बियाणे कंपनीतील साठ्याची नोंद असो की पोलाद कारखान्यातील पाळ्यांचा तक्ता, आकडा डोळ्यांसमोर दिसतो आणि बेरीज लगेच मिळते. शंभर-दोनशे ओळींच्या, एकदाच करावयाच्या कामासाठी प्रोग्रॅम लिहीत बसणे हा वेळेचा अपव्ययच होय.

अडचण सुरू होते ती पसारा वाढल्यावर. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती. माणशी एक ओळ धरली तर निम्मा जिल्हाच शीटबाहेर राहील. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये तर ही मर्यादा ६५,५३६ ओळींची होती. त्याच जुन्या फाइलमुळे इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाले आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.

दुसरा दोष लपलेल्या सूत्रांचा. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० मधील सरकारी कर्जावरील निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. हे २०१३ मध्ये उघडकीस आले, ते थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून तपासल्यावर. शीट हाती आली नसती, तर चूक सापडणे कठीणच होते.

पायथन आणि आर या भाषांचे वेगळेपण नेमके येथे आहे. पायथनची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. आकडेवारीसाठीचे तिचे 'पांडास' हे साधन वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये लिहावयास घेतले. संख्याशास्त्रासाठीची आर ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात जन्मली. सर्व साधने मोफत आहेत. मूळ फाइलला हात न लावता कोणती ओळ गाळली, कोणते नाव दुरुस्त केले, बेरीज कशी केली, हे सारे क्रमाने लिहिलेले राहते. पुढील महिन्यात तोच मजकूर नव्या फाइलवर चालविता येतो.

जिल्ह्यातील आठ तालुक्यांच्या मासिक याद्या एकत्र करण्याचे उदाहरण घ्या. एकाने 'घनसावंगी' लिहिलेले असते, दुसऱ्याने 'घणसावंगी'. एकाने 'जाफराबाद', दुसऱ्याने 'जाफ्राबाद'. संगणकाच्या लेखी ही चार निरनिराळी गावे! एक्सेलमध्ये दर महिन्याला हाताने दुरुस्ती करावी लागते, पायथनमध्ये ती एकदा लिहून ठेवली की झाले. जुन्या आकड्यांशी तुलना करायची तर आणखी एक पेच असतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधीच्या तक्त्यांत त्याची ओळच नाही, तेथील आकडे तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतून तालुकावार वेचावे लागतात.

तथापि पायथन म्हणजे जादूची कांडी नव्हे. स्पष्ट सांगितले नाही, तर पांडासही खाते क्रमांकाला संख्या समजून आरंभीचे शून्य गाळते. शिवाय कार्यालयात ती भाषा जाणणारा एकच कर्मचारी असला आणि त्याची बदली झाली, की मागे राहिलेला प्रोग्रॅम कोणालाच उलगडत नाही. एक्सेलची फाइल निदान उघडून पाहता तरी येते. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेलमध्येच पायथन वापरण्याची सोय जाहीर केली. पण त्यातील आकडेमोड कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर होत असल्याने आधार क्रमांकांच्या याद्या तेथे पाठवाव्यात का, याचा निर्णय कार्यालयाला आधी घ्यावा लागेल.

म्हणूनच दोन्हींची सांगड अधिक व्यवहार्य ठरते. नोंदी एक्सेलमध्येच भराव्यात, पण गट व खाते क्रमांकांचे रकाने 'टेक्स्ट' ठेवावेत. मूळ फाइल कुलूपबंद करावी. याद्यांची जोडणी, दुबार नावांचा शोध आणि खाते क्रमांकांच्या लांबीची तपासणी पायथनकडे सोपवावी आणि तयार तक्ता पुन्हा एक्सेलमध्ये साहेबांच्या टेबलावर जावा. पहिल्या एक-दोन महिन्यांत जुन्या पद्धतीनेही बेरीज करून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. फरक आढळलाच, तर चूक नव्या प्रोग्रॅमचीच असेल असे गृहीत धरू नये.