हृदयाचा भार आणि रक्तवाहिन्या : एका उपचारकल्पनेचा इतिहास

वऱ्हाडात, वलगावसारख्या गावी, ‘हार्टफेल झाले’ म्हणजे माणूस तडकाफडकी गेला, असाच अर्थ घेतला जातो. वैद्यकात मात्र या संज्ञेने एका दीर्घकालीन विकाराचा बोध होतो : हृदय चालू असते, परंतु शरीराच्या गरजेपुरते रक्त त्याच्याकडून पुढे लोटले जात नाही.

विल्यम विदरिंग यांचा डिजिटॅलिसवरील ग्रंथ १७८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर सुमारे पावणेदोन शतके या विकारावरील औषधांचा रोख दुहेरी राहिला : हृदयाचे आकुंचन बळकट करणे आणि अंगात साचलेले पाणी काढून टाकणे. रक्तवाहिन्यांतील ताण औषधाने उतरविण्याचा विचार पुढे आला तो रक्तदाबाच्या अभ्यासातून. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. सर्पगंधा हे हृदयदौर्बल्यावरील औषध नव्हे. तथापि विचाराची दिशा तीच होती.

१९७० नंतरच्या दशकात जे कोन व जोसेफ फ्रान्सिओसा यांनी हा विचार हृदयदौर्बल्यास लावला. हृदय दुबळे झाले की रक्तदाब टिकविण्यासाठी शरीर वाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे हृदयावरील भार अधिकच वाढतो. वाहिन्या विस्फारल्या तर हे दुष्टचक्र तुटावे, हे अनुमान तर्कशुद्ध होते. परंतु त्याने आयुष्य वाढते काय?

१९८६ मध्ये अमेरिकेतील ६४२ पुरुष रुग्णांच्या अभ्यासातून याचे उत्तर मिळाले. हायड्रॅलझीन व नायट्रेट एकत्र दिलेल्या गटात दोन वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण २५.६ टक्के, तर निरौषध गोळी घेणाऱ्यांत ३४.३ टक्के आढळले. प्राझोसिन हेही विस्फारकच. पण त्याने मृत्यू घटले नाहीत. १९९१ च्या ८०४ रुग्णांच्या अभ्यासात एनालाप्रिल घेणाऱ्यांत दोन वर्षांतील मृत्यू १८ टक्के, तर हायड्रॅलझीन-नायट्रेट घेणाऱ्यांत २५ टक्के होते. हृदयाची उत्सर्जनक्षमता मात्र सुरुवातीच्या काळात दुसऱ्या गटात अधिक सुधारली होती. म्हणजे वाहिन्या विस्फारणे हे फलप्राप्तीचे एकमेव कारण नव्हते. अँजिओटेन्सिनसारख्या संप्रेरकांचा हृदयावरील घातक परिणाम रोखणे अधिक मोलाचे ठरले.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. सुसंगत उपपत्ती ही सिद्धी नव्हे; तिचा कस अखेर रुग्णांच्या आयुर्मानावरच लागतो. दुसरे असे की, ‘विस्फारक’ हे नाव औषधाचे एक कार्य सांगते, सारे नव्हे. ‘हार्टफेल’ हा शब्द तर मृत्यूच सांगतो; आणि ज्या घरी तो तसाच ऐकला जातो, तेथे रोजची गोळी व्यर्थ वाटण्याचा धोका असतो. म्हणून या संज्ञेचा खरा अर्थ मराठीत रुजविणे हा उपचाराचाच भाग होय.