आजीची कॅसेट

ग्रुपवर टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरच्या आठवणी निघाल्या, म्हणून एक माझीही. जरा लांबली आहे, सांभाळून घ्या.

१९५६ साली मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली. आमचे आजोबा मात्र रेल्वेतले. त्यांचं बिऱ्हाड स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री आजी-आजोबा तिथेच होते. आजोबा दोन वर्षांत गेले. आजी वाचली, पण तिचा दम कायमचा गेला. मग बाबांनी तिला टी. टी. नगरला आमच्याकडे आणलं.

१९९३ मध्ये मी सहावीत होतो. न्यू मार्केटजवळ एका दुकानात तासाच्या हिशेबाने व्हिडिओ गेम खेळायला मिळायचा. तिथे पहिल्यांदा मारिओ पाहिला आणि वेडच लागलं. खाऊचे पैसे संपले, मग खोटं बोलून पैसे मागू लागलो. एक दिवस बाबांनी पकडलं. मार पडला तो वेगळाच.

आठवड्याने आजीने बाबांना सांगितलं, "त्याला ते डबडं घरीच आणून दे. दुकानात तर जाणार नाही." पैसे तिनेच दिले. कुठले, ते मी विचारलंही नाही.

आलेला गेम म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. तेव्हा घरोघरी अशाच नकला होत्या. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९९९ इन १', आत तेच ते दहा-पंधरा गेम नावं बदलून! वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची आणि चित्र येईपर्यंत चॅनेलचं बटण फिरवत बसायचं. बाबांच्या बातम्यांची वेळ झाली की सगळं उलटं करायचं.

सुपर मारिओ १९८५ चा. अख्खा गेम ४० केबीचा, म्हणजे आज मोबाइलवर येणाऱ्या 'शुभ सकाळ'च्या फोटोपेक्षाही लहान! जागा वाचवायला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच आकाराचं केलंय, फक्त रंग वेगळा. हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आजीने तेव्हाच पकडलं होतं. "अरे, हा ढगच हिरवा करून खाली ठेवलाय की!" जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारी बाई ती, तिला कसं नाही दिसणार?

ती दिवसभर पलंगावर बसून असायची. हळूहळू तीही बघू लागली. मारिओला 'मिशीवाला' म्हणायची. खड्ड्यात पडला की "मेला बाप्पा!" दर महालात राजकन्या दुसरीकडेच निघायची, तेव्हा म्हणाली, "हे तर सरकारी ऑफिस झालं. या खिडकीवरून त्या खिडकीवर." ८ जगं, ३२ टप्पे, आणि मधे थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे खेळायची सोय नाही. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मे महिन्यात नागपूरचा मामेभाऊ जी. टी. एक्स्प्रेसने आला, तो कॉन्ट्राचा मंत्र घेऊनच. वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए. की ३० जीव! हा मंत्र मूळचा कोनामी कंपनीच्या हाशिमोतो यांचा. दुसराच एक गेम तपासताना त्यांना स्वतःलाच तो जड जात होता, म्हणून त्यांनी ही सोय करून ठेवली. इंटरनेट नव्हतं, तरी जपानची गोष्ट टी. टी. नगरपर्यंत आली. आजीने ती पाढ्यासारखी पाठ केली. मी चुकलो की मागून सांगायची.

गेम अडकला की कॅसेट काढून फुंक मारायची, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. एकदा मी सहज कॅसेट तिच्यापुढे धरली. ती हसून म्हणाली, "तूच फुंक बाप्पा, माझ्यात कुठला आलाय दम."

१९९६ च्या थंडीत आजी गेली. तिच्या ट्रंकेत बँकेचं पासबुक निघालं. १९९० पासून गॅसपीडितांना महिन्याला २०० रुपये अंतरिम मदत मिळायची, तीच त्यात जमा होत होती. एकदाच मोठी रक्कम काढलेली दिसली. बाबांनी तारीख दाखवली. गेम घरी आला त्याच्या आदल्या दिवशीची.

पुढे वाचलं की त्या फुंकण्याचा काही उपयोग नव्हता. उलट तोंडातल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली की गेम सुरू व्हायचा, एवढंच. ते वाचून हसू आलं, मग आजी आठवली आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

गेम कधीच बंद पडला. कॅसेट मात्र अजून तिच्या ट्रंकेतच ठेवली आहे.

तुमच्याकडे कोणता गेम होता, आणि घरातल्या मोठ्यांपैकी कोण सोबत बसायचं? नक्की लिहा.